पालखी कुठवर जाते

"तो वर येल. इचारील त्याला खोटं सांग," दाजी धामणस्कर म्हणाले, आणि माझ्या ओट्यावर बसून त्यांनी पानाचा डबा उघडला.

मी गोठ्यातनं नुकतीच बाहेर आले होते, हात शेणाचे. दाजी म्हणजे नेवरोलीचे गावकर. गावातला पहिला मान त्यांचा, देवीपुढं गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. असा माणूस भर उन्हात घाटी चढून सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, आमच्या भुवडवाडीत, आपल्या पायांनी येतो तेव्हा काम त्याचं असतं, आपलं नसतं, एवढं मला त्या वयातही कळत होतं.

"कोण तो?" मी विचारलं.

"हुपरीकर म्हणून हाय. घाटावरचा. माज्याच घरी उतरलाय. जुन्या नेवरोली पेट्याचा म्हणे इतिहास लिवतोय. कचेरी कुठं होती, गलबतं कुठं लागायची, शीव कुठनं कुठं. आता तूच सांग गो मथुरे, मेलेल्या पेट्याचा इतिहास कुणाला हवाय? आणि तो पण शिमग्याच्या तोंडावर?"

"लिवना का. आपलं काय जातं?"

"जातं." दाजींनी पानाला चुना लावला. "ज्याला त्याला एकच इचारतो. पालखी कुठवर जाते."

मी हात धुवायची थांबले.

"तर तू सांगायचं, पालखी खाली सहाणेवरनं माघारी फिरते. सड्यावर येत नाय. कदीच येत नव्हती. खाली सगळ्यांना सांगून झालंय. वर तुज्याच घरी तो पाणी मागणार, घर घाटीच्या तोंडाशी म्हणून."

"दाजी, पालखी दर साली माज्या उंबऱ्यात येते."

"यंदाही येल. तो गेला की गुपचूप आणू."

"देवीची पालखी गुपचूप?"

"जास्त बोलू नको," असं म्हणून दाजी उठले. जाताना त्यांनी गडग्यापलीकडं त्यांच्या काजूच्या बागेकडं एकदा बघून घेतलं. ते बघणं मी धरून ठेवलं.

तुम्हाला वाटेल, पालखी वर आली काय आणि खाली राहिली काय. म्हणून आधी आमची गत सांगते.

नेवरोली एके काळी पेट्याचं, म्हणजे छोट्या तालुक्याचं, ठिकाण होतं. खाडीच्या दोन्ही अंगांची गावं त्या पेट्यात, महालकरी बंदरावरच्या कचेरीत बसायचा, आणि दाखला हवा की सगळा मुलूख होड्यांनी तिथं यायचा. मग खाडी गाळानं भरली, गलबतं थांबली, मोटारीचा रस्ता भलतीकडनंच गेला. एके दिवशी सरकारनं पेटाच मोडला. खालची गावं एका तालुक्यात टाकली, सड्यापलीकडची दुसऱ्यात. मधली रेघ मारली ती सड्याच्या कडेनं. मारणारा सड्यावर कधी चढला नसणार, कारण आमची वाडी त्या कडेवरच बसलेली आहे आणि रेघ आमच्या खालून गेली. सकाळी उठलो तेव्हा आम्ही माखण्याचे झालो होतो, असं माझी सासू सांगायची.

माखणं म्हणजे सडा पार करून, दरी उतरून, पुन्हा चढण. रेशन तिथं, मत तिथं, तलाठी तिथं. आमची माणसं, आमचं मसण, आमची देवी नवलाई, सगळं खाली नेवरोलीत. नेवरोलीचा नळ घाटीच्या पायथ्याशी येऊन थांबला. तिथल्या पंचायतीत मागायला गेलो तर म्हणाले, कागदावर तुम्ही माखण्याचे. माखण्यात गेलो तर तिथला सरपंच म्हणाला, तुमची देवी खाली, मग पाणीही देवीकडंच मागा. चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत मी घाटी उतरून हंडा आणायची, चढताना श्वास लागायचा, आणि दोन्ही गावांना मनातल्या मनात शिव्या द्यायची.

या सगळ्यात आमच्या हातात एकच गोष्ट उरली होती. शिमग्याला नवलाईची पालखी देवळातनं निघते आणि गावच्या एकूण एक उंबऱ्यात जाते. पालखी ज्या घरात येते ते घर गावाचं. खाली वाड्या-वाड्यांतनं फिरून झाली की ती घाटी चढून आमच्याकडं यायची, शेवटची, पण यायची. ती आली नाही तर आम्ही कुठलेच नव्हतो.

सोनू, माझा नवरा, पालखीला खांदा देणाऱ्यांतला. आणि दाजींच्या काजूवर राखणीला. त्याला मी दाजी काय म्हणाले ते सांगितलं.

"मग सांग ना सहाणेवरनं फिरते म्हणून," तो म्हणाला. "आपल्या बापाचं काय जातं?"

"दाजी इतके कशाला घाबरलेत?"

सोनूनं आधी इकडं-तिकडं बघितलं. "बाग हाय ना ती, ती देवीच्या जमिनीत हाय. दाजींच्या बापानं देवीची म्हणून राखली, दाजींनी आपली म्हणून लावली. सड्यावर पालखी येते म्हटलं की सडा देवीचा ठरतो. मग कुणीतरी इचारणार, देवीच्या जागेत काजू कुणाचे."

"म्हणून आपण देवीचे नाय म्हणून सांगायचं?"

"तो कंपनीचा माणूस हाय म्हणतात गो. सडा खणून माती न्यायची हाय त्यांना. आपण गप्प बरे."

तेही मला पटेना. माझा कुणावरच विश्वास बसत नव्हता, दाजींवर नाही आणि त्या हुपरीकरावर तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी तो आला. काटकुळा, डोक्यावर टोपी, खांद्याला झोळी, पायांत घाटी चढून फाटलेल्या चपला. ओट्याच्या कडेला टेकला, पाणी मागितलं. मी गूळ-पाणी दिलं. पाणी प्यायच्या आधी त्यानं तांब्यात डोकावून बघितलं. मी मनात म्हटलं, हा आपल्यापेक्षा संशयी.

"वहिनी, तुमच्या वाडीतल्या मुली कुठं देतात?" त्यानं विचारलं.

"जिथं जमेल तिथं."

"आणि कुणी गेलं तर नेता कुठं?"

"जिथं जाळतात तिथं."

त्याला हसू आलं, पण चेहरा तसाच ठेवला. "पालखी येते का वर?"

माझ्या तोंडी खोटं आलं नाही आणि खरंही आलं नाही. "मी बाईमाणूस. दाजींना इचारा."

"दाजींना विचारलं. ते म्हणाले, सहाणेवरून फिरते. गुरवाला विचारलं, तो म्हणाला, सहाणेवरून फिरते. दुकानदाराला विचारलं, त्यानं मी प्रश्न पुरा करायच्या आत सांगितलं, सहाणेवरून फिरते." त्यानं तांब्या खाली ठेवला. "सगळ्यांना एकच वाक्य पाठ आहे, याची मला गंमत वाटली."

तो उठून अंगणात फिरला, सड्याच्या कडेला जाऊन खाली खाडीकडं आणि मग पलीकडं माखण्याकडं बघितलं, खाली वाकून जांभ्याचा एक खडा उचलला आणि झोळीत टाकला. बस्स, मी म्हटलं, कंपनीचाच. मातीचा नमुना नेला.

आता हसू येतं. पुढं मी बघितलं, सड्यावरचा वारा त्याचे कागद उडवायचा म्हणून तो दगड ठेवायचा वर.

शिमगा जवळ आला तसा विसू गुरव वर आला. देवीची पूजा त्याच्याकडं, माणूस सरळ, पण दाजींपुढं मान खाली. ओट्याखालीच उभा राहिला, वर बसेना.

"मथुरावैनी, एक सांगायचं होतं. यंदा पालखी वर येत नाय."

"तो गेल्यावर आणणार होते ना गुपचूप?"

"तो जात नाय. म्हणतो, पालखी देवळात परत जाईपर्यंत थांबणार. मग दाजी म्हणाले, एक साल चुकलं तर देवी काय रागावणार नाय. फुडच्या साली बघू."

"आणि तुमी काय म्हणालात?"

विसू पायानं माती उकरत राहिला. "मी काय म्हणणार?"

मला जो राग आला तो सांगता येत नाही. एक साल. कागदावरनं आम्हाला असंच कुणीतरी एका दिवसात पुसलं होतं, आणि आता उरलंसुरलं आमचीच माणसं पुसायला निघाली होती, काजूच्या झाडांपायी. सोनूला म्हटलं तर तो म्हणाला, दाजींच्या वाटेला जाऊ नको. मी म्हटलं, मी कुणाच्या वाटेला जात नाय, मी माज्या उंबऱ्यात उभी हाय.

दुसऱ्या दिवशी हुपरीकर पुन्हा आला तेव्हा मी त्यानं विचारायची वाट बघितली नाही.

"पालखी वर येते," मी सांगितलं. "दर साली येते. ह्या उंबऱ्यात बसते. मी लग्न होऊन आले तेव्हापासनं मी ओटी भरतेय, माज्या आधी सासू भरायची. खाली तुमाला सगळ्यांनी खोटं सांगितलंय."

मला वाटलं, तो खूश होईल.

"हे तुम्ही परवा का नाही सांगितलंत?"

"परवा मला वाटलं, तुमी कंपनीचे."

"आणि आज?"

"आज मला ठाऊक नाय तुमी कुणाचे. पण मी खोटं का बोलू?"

"हे मला सांगायला तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यानं अगदी हळू विचारलं, एखाद्या पोराला विचारावं तसं.

"कुणी नाय."

"बरं," तो म्हणाला. पण ते 'बरं' मी आजवर विसरले नाही. त्यात एक गठ्ठा बांधून बाजूला ठेवल्यासारखं काहीतरी होतं. तो म्हणाला, "तुमचंच घर सड्यावर. तुम्हाला पालखी वर आलेली हवीच असणार, नाही का?"

"हवीच हाय. म्हणून ती येत नाय असं होतं काय?"

तो झोळी खांद्याला लावून पाणी न पिताच गेला.

पालखीचा दिवस उजाडला. वाडीतली बायामाणसं दारं सारवून, रांगोळ्या घालून बसली होती, कारण विसूनं मला सांगितलेलं मी वाडीत कुणाला बोलले नव्हते. बोलवेना. दुपारच्या वक्ताला खालून ढोल ऐकू आले तेव्हा मला घरात थांबवेना. पदर खोचला आणि घाटी उतरून सहाणेवर गेले.

सहाण म्हणजे घाटीच्या पायथ्याचा चौथरा. पालखी तिथं टेकते, गावकर गाऱ्हाणं घालतो, आणि मग पालखी उचलून खांदेकरी वर निघतात. सगळा गाव गोळा झाला होता. दाजी पांढरा फेटा बांधून पालखीपुढं उभे, हातात नारळ. सोनू दांड्यापाशीच उभा. हुपरीकर एका बाजूला, आंब्याच्या सावलीला, सगळ्यांकडं बघत.

आमचं गाऱ्हाणं फार जुनं आहे. पेटा होता तेव्हाचं. त्यात सगळा मुलूख नावांनी येतो, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि एकेका नावाला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. कचेरी मोडून इतकी वर्षं झाली तरी गाऱ्हाण्यात ती अजून उभी आहे. शेवटचं नाव आमचं असतं.

दाजींनी नारळ वर धरला.

"बाये नवलाई, खाडीच्या तरीपासनं तुजी जी लेकरं हायत..."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"बंदराच्या धक्क्यावर, कचेरीच्या पारावर तुजी जी लेकरं हायत..."

"व्हय म्हाराजा."

"मधल्या वाडीत, गुरववाडीत, खालच्या पाखाडीला तुजी जी लेकरं हायत..."

"व्हय म्हाराजा."

आता सड्याचं नाव यायचं. दाजींनी श्वास घेतला. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होते.

"...तेवड्या सगळ्यांना सुखी ठेव. इथं तुजी सेवा पुरी झाली. घडली सेवा मान्य करून घे."

आणि थांबले, गावानं म्हणावं म्हणून.

कुणी म्हणालं नाही.

मी गावाला दोष देत बसले नाही कधी, त्याचं कारण हा एक क्षण. यातल्या एकूण एक माणसानं हुपरीकराला खोटं सांगितलं होतं. दुकानदारानं सांगितलं होतं, विसूनं सांगितलं होतं. माणसाला खोटं सांगायला कुणाचं काही गेलं नव्हतं. पण देवीला तोंडावर 'सेवा पुरी झाली' म्हणायचं आणि त्याला 'व्हय' म्हणायचं, हे एकाच्याही जिभेवर येईना. ढोलवाल्यानं टिपरू खाली केलं. आंब्यावर कावळा ओरडत होता तो ऐकू यायला लागला.

दाजींनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. "घडली सेवा मान्य करून घे."

पुन्हा कुणी नाही. मी सोनूकडं बघितलं. दाजींचा रोजचा राखणदार, त्यांच्या पुढ्यात मान वर न करणारा माझा नवरा, दांड्यापाशी उभा होता आणि त्याची नजर सरळ घाटीकडं होती. त्याचा खांदा वाटेला लागला होता, माघारी वळलेला नव्हता. बाकीच्यांचेही तसेच.

दाजींचा फेटा घामानं भिजला. त्यांनी एकदा हुपरीकराकडं बघितलं, एकदा देवीच्या चांदीच्या रूपाकडं. मग डोळे मिटले, आणि जसं त्यांच्या बापानं म्हटलं असेल तसं, एका दमात म्हणाले, "आणि सड्याच्या कडेवर भुवडवाडीच्या शेवटच्या उंबऱ्यापातूर तुजी जी लेकरं हायत, त्यांच्या घरी जायला आता नीघ गो बाये."

"व्हय म्हाराजा." दरीत आवाज घुमला. माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि मी पुसत नव्हते. खांदेकऱ्यांनी पालखी उचलली, ढोल घुमले आणि पालखी घाटी चढायला लागली. मी पुढं पळाले, ओटी तयार करायला.

पालखी माझ्या उंबऱ्यात बसली. मी खण, तांदूळ, नारळ घेऊन ओटी भरली. वाडीतल्या बायांनी भरली. हुपरीकर सगळ्यांच्या मागनं चढून आला होता, दमलेला, अंगणाच्या कडेला उभा. मला वाटलं, आता तरी याला सांगावं, बघितलंत ना. म्हणून मी त्याच्याकडं गेले.

"बघितलंत ना?" मी म्हटलं. "मी काय सांगत होते?"

"बघितलं," तो म्हणाला. आवाजात राग होता, पण दाबलेला. "वहिनी, आता माझं काम झालं, म्हणून सांगतो. नेवरोलीला नवा तालुका करायचं घाटतंय. जुन्या पेट्यातली जी वाडी वहिवाटीनं नेवरोलीची असेल, ती परत नेवरोलीत घालायची. मला ती वहिवाट बघायला पाठवलंय. माणसं सोयीनं बोलतात, म्हणून मी पालखी बघतो. कशासाठी आलोय ते कुठं सांगत नाही. सांगितलं तर प्रत्येक वाडी दारात पालखी नाचवून दाखवील."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. नळ, रेशन, दाखला, सगळं या माणसाच्या झोळीत बसून आमच्या दारात आलं होतं.

"मग आली ना पालखी. तुमच्यादेखत आली."

"माझ्यादेखत आणली. गावात ज्याला विचारलं तो म्हणाला, सहाणेवरून फिरते. मग कुणाला तरी कळलं असणार मी कशासाठी आलोय. पालखी तोंडावर आल्यावर तुम्ही मला न विचारताच वेगळं सांगता. आज सहाणेवर तुमच्या गावकरानं गाऱ्हाणं घातलं, ते मी ह्या कानांनी ऐकलं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यात तुमच्या वाडीचं नाव नव्हतं. दुसऱ्यांदाही नव्हतं. लोक अडून बसले, तेव्हा घातलं."

"ते उलट हाय हो," मी म्हटलं. "नाव होतंच. दाजींनी ते काढलं होतं. तुमाला दिसू नये म्हणून."

"कुणी आपल्याच गावातल्या वाडीचं नाव का काढील?"

मी काजूकडं बोट दाखवलं, देवीची जमीन सांगितली, कंपनीचं सांगितलं. बोलता बोलता मलाच ऐकू येत होतं, हे सगळं किती रचल्यासारखं वाटतंय ते. खरं होतं, तरी रचल्यासारखं. मग मी दाजींना हाक मारली. ते पालखीपाशी उभे होते, चढून धाप लागलेली.

"दाजी, सांगा ह्यांना. पालखी दर साली येते का नाय माज्या घरी? आपली वाडी नेवरोलीत घ्यायला आलेत हे. नवा तालुका होतोय. एकदा खरं सांगा."

दाजींनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं की त्यांना वाटतंय, हा कंपनीचा नवा डाव आहे, आणि ह्या माणसानं मला फशी पाडलंय. गाऱ्हाणं संपलं होतं. आता ते देवीशी बोलत नव्हते, एका परक्या माणसाशी बोलत होते.

"साहेब, आमी देवीची माणसं," दाजी हात जोडून म्हणाले. "देवी नेल तिथं पालखी जाते. यंदा इथं आणली."

हुपरीकरानं मान हलवली. त्याला हवं होतं ते मिळालं.

पुढं तालुका झाला. नेवरोलीला कचेरी परत आली, बंदरावर नाही, एसटी स्टँडशेजारी, आणि पेट्यातली वाडी न् वाडी परत आली. आमची तेवढी माखण्यातच राहिली. दाजी मरेपर्यंत म्हणत, तो कंपनीचाच होता, आपण त्याला बरोब्बर परतवला. त्यांच्याशी मी पुन्हा कधी नीट बोलले नाही. पालखी अजून येते, एकही साल चुकलेलं नाही.

पण आमची वाडी राहणार हे कळायला कागद यायची वाट मला बघावी लागली नव्हती. त्याच दिवशी, दाजी पालखीकडं वळल्यावर, विसूनं देवीपुढचा नारळ फोडून अर्धा माझ्या हातात दिला. घरधनिणीनं तो दारात आलेल्या पाहुण्याला द्यायचा असतो, आणि दारात पाहुणा एकच होता. राग गिळून मी तो हुपरीकरापुढं धरला.

त्यानं आजूबाजूला कोण बघतंय ते बघून घेतलं.

"नको वहिनी, तुमच्याकडंच ठेवा," तो हळू आवाजात म्हणाला. "मी घेतला तर लोक म्हणतील, साहेबानं काहीतरी घेतलं."

देवीचा प्रसाद, देवीच्या समोर, आणि मला तो असं म्हणाला. मग त्यानं पालखीला लांबूनच हात जोडले, चपला घातल्या आणि घाटीनं खाली उतरून गेला.